फुलाच्या मुलखाने वाढविलेला अभियंता
(सीमाभागातील एका व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



चोर्ला घाट चढून एक डिचोलीकर आपल्यापुढे बोलावयास येतो आणि विषय निवडतो तो मनोहर पर्रीकरांचा, याचे काहींना नवल वाटले असेल. पर्रीकर सीमालढ्यातले नव्हते. विलीनीकरणवादी म्हणूनही कोणी त्यांचे नाव घेत नाही. परंतु ज्या मुलखाने १९६७ साली महाराष्ट्रात विलीन होण्यासाठी मत दिले आणि जो हरला, त्याच मुलखाच्या खांद्यावर बसून हा अभियंता प्रथम पणजीच्या सचिवालयात आणि पुढे दिल्लीच्या साउथ ब्लॉकमध्ये पोहोचला. तो प्रवास कसा झाला आणि त्यात त्या मुलखाला काय मिळाले, हा प्रश्न आपला आहे. विलीनीकरणाचे राजकारण हरल्यावर त्याची मते कोठे जातात, याचा हा धडधडीत नमुना आहे. आणि आपली मते अद्याप आपल्याच हाती असल्यामुळे तो आपण डोळसपणे पाहिला पाहिजे.

आपल्या बेळगाव-निपाणीला, खानापूर-कारवारला कधीच कौल मिळाला नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आपणांस न विचारता म्हैसूर राज्यात घातले गेले; महाजन आयोगाने कागद चाळले, पण लोकांचा कौल घेतला नाही. गोव्याला मात्र विचारले गेले. १६ जानेवारी १९६७ रोजी गोवेकरांपुढे दोन चिन्हे ठेवण्यात आली होती. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण आणि दोन पाने म्हणजे वेगळा केंद्रशासित प्रदेश. कौल निष्पक्षपणे व्हावा म्हणून मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर आधीच पायउतार झाले होते. दोन पानांना १,७२,१९१ मते पडली आणि फुलाला १,३८,१७०. अंतर ३४,०२१ मतांचे. पेडणे, डिचोली आणि सत्तरी यांनी फुलावर भरभरून शिक्के मारले होते; परंतु मतमोजणी सबंध प्रदेशाची एकत्र होती, आणि सासष्टी-तिसवाडीच्या पानांखाली आमचे फूल झाकले गेले.

हे तालुके असे का वागले, हे येथे फार सांगावयास नको. हा नव्या काबिजादीचा मुलूख. अठराव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत सावंतवाडीकर भोसल्यांकडून तो पोर्तुगिजांकडे गेला. तोवर जुन्या काबिजादीतील धर्मांतराचा जोर ओसरला होता. डिचोली तालुक्यातील नार्वे येथे सप्तकोटेश्वराचे देऊळ शिवछत्रपतींनी १६६८ साली उभारविले. आमच्या घरांत पोथी मराठी, भजन मराठी, जत्रेतले नाटक मराठी, आणि दशावतार पेडण्यात तेरेखोलच्या अलीकडे-पलीकडे एकाच मंडळींचा. पेडण्यातील पत्रादेवीला १५ ऑगस्ट १९५५ रोजी पोर्तुगीज गोळ्यांनी जे सत्याग्रही पडले, ते हिंदुस्थानच्या नाना प्रांतांतून आले होते. त्याच वर्षाच्या १३ डिसेंबरला म्हापशात पर्रीकरांचा जन्म झाला. मुक्तिसंग्राम त्यांनी पाहिला तो पाळण्यातून. १९६१ साली गोवा मुक्त झाला तेव्हा ते सहा वर्षांचे होते, आणि कौलाच्या वेळी अकरा वर्षांचे. म्हणजे विलीनीकरणाच्या वादात ज्यांचे तारुण्य गेले, त्यांच्या पुढच्या पिढीचा हा माणूस.

शालेय शिक्षणात मराठी, घरची भाषा कोंकणी, आणि मुंबईच्या आय.आय.टी.मधून १९७८ साली धातुशास्त्रातील अभियांत्रिकीची पदवी. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाशी संबंध लहानपणापासूनचा. पंचविशी ओलांडताच ते म्हापशाचे संघचालक झाले आणि सोबत आपला लहानसा व्यवसायही चालविला. आय.आय.टी.चे पदवीधर परदेशी जाण्याचा तो काळ होता, आणि ते म्हापशास परतले, याचे कौतुक पुष्कळ झाले आहे. ते मी लांबवीत नाही. राजकारणात शिरलेले अभियंते आपल्याकडे काही दुर्मिळ नव्हेत. विश्वेश्वरय्या पुण्यात शिकून मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नावारूपास आले आणि म्हैसूरचे दिवाण झाले. महाराष्ट्राचे माजी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण हेही अभियंते. २०१२ ते २०१४ या काळात महाराष्ट्र आणि गोवा या दोन्ही राज्यांचे मुख्यमंत्री अभियंते होते, हा योगायोग फारसा कोणाच्या ध्यानात आला नाही. पर्रीकरांचे वेगळेपण पदवीत नाही. एका लहान राज्याच्या राजकारणात, जेथे एक पक्ष आधीपासूनच मराठीच्या आणि बहुजनांच्या नावावर उभा होता, तेथे दुसरा पक्ष त्यांनी ज्या हिशेबाने उभा केला त्यात आहे.

तो हिशेब आकड्यांतच पाहावा. १९९१ साली ते उत्तर गोव्यातून लोकसभेला उभे राहिले आणि पडले. निवडून आले ते आमच्या डिचोलीचे हरीश झांट्ये, काँग्रेसचे. १९९४ साली महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाशी युती झाली. त्या युतीत मगोचे १२ आमदार आले आणि भारतीय जनता पक्षाचे ४. त्या चौघांतले एक पणजीचे पर्रीकर. गोव्याच्या विधानसभेत भाजपचे पाऊल पडले ते असे, भाऊसाहेबांच्या पक्षाचा हात धरून. १९९९ साली मगो ४ आणि भाजप १०. २००२ साली मगो २ आणि भाजप १७. आठ वर्षांत पाहुणा घरमालक झाला आणि घरमालक ओसरीवर आला.

हे केवळ कपटाने झाले असे म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नव्हे. मगो पक्षाने विलीनीकरणाचा प्रश्न १९६७ नंतर हळूहळू बासनात बांधला होता. कौलात हरूनही त्याच वर्षीच्या निवडणुकीत गोवेकरांनी भाऊसाहेबांना पुन्हा सत्तेवर बसविले; १९७३ साली ते गेल्यावर कन्या शशिकलाताई काकोडकर यांनी सहा वर्षे राज्य चालविले; आणि नंतर फुटीमागून फूट पडली. कुळकायद्याने जमिनीवर हक्क मिळालेला शेतकरी, भाऊसाहेबांच्या शाळांत शिकलेला मुलगा, पेडण्याच्या देवस्थानांचा महाजन, यांना उभे राहावयास एक ठिकाण हवे होते. पेडणे तालुक्यातील मांद्र्याचे रमाकांत खलप १९९६ साली मगोच्या तिकिटावर उत्तर गोव्यातून खासदार झाले आणि केंद्रात कायदा राज्यमंत्रीही झाले. म्हणजे त्या पक्षाच्या माणसाला दिल्लीचे दारही उघडले होते. पण पक्षाकडे पुढचा कार्यक्रम नव्हता. कार्यक्रम पर्रीकरांकडे होता.

आणि तो कार्यक्रम राबविताना त्यांनी जे केले ते चतुराईचे होते. २४ ऑक्टोबर २००० रोजी मुख्यमंत्री झाल्यावर वृद्ध, निराधार आणि अपंग यांच्यासाठी त्यांनी मासिक अर्थसाह्याची जी योजना सुरू केली, तिचे नाव ठेवले दयानंद सामाजिक सुरक्षा योजना. दयानंद म्हणजे दयानंद बांदोडकर, आमचे भाऊसाहेब. म्हातारीच्या हाती दरमहा पैसा पडतो आणि त्यावर नाव विलीनीकरणाच्या पुढाऱ्याचे, मात्र हात भाजपचा! पेडणे-डिचोलीच्या वाड्यावाड्यांवर या एका गोष्टीने जे काम केले ते शंभर सभांनी झाले नसते. (लग्नाच्या वयाच्या मुलींसाठी एक लाख रुपयांची लाडली लक्ष्मी आणि गृहिणींसाठी गृह आधार या योजना २०१२ च्या. महाराष्ट्रात लाडकी बहीण आली ती २०२४ साली. तेव्हा आम्हां गोवेकरांना त्यात नवे काही वाटले नाही.)

अभियंत्याचा स्वभाव त्यांच्या कारभारात दिसे. गोव्यात २००४ साली भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव आणावयाचा ठरल्यावर पणजीची इमारती-रस्त्यांची कामे अल्पावधीत उभी राहिली. घाई इतकी की खर्चाविषयीचे आक्षेप पुढे बराच काळ पुरले. फाइल स्वतः वाचणे, आकडा तोंडपाठ असणे, कंत्राटदाराला खडीचा भाव विचारणे, या गोष्टी त्यांच्या टीकाकारांनीही नाकारल्या नाहीत. पण या स्वभावाची दुसरी बाजूही होती. सर्व दोऱ्या एका हाती राहत, आणि खालचा मंत्री शोभेचा होई. २९ जानेवारी २००५ रोजी चार आमदारांनी राजीनामे दिले आणि त्यांचे सरकार कोसळले, तेव्हा यंत्र चालविणाऱ्याने यंत्रातील माणसे मोजली नव्हती असे दिसून आले.

आता आमच्या डिचोलीचा खरा विषय. तो म्हणजे खनिज.

शिरगाव, मये, पाळी, वेळगे, साखळी ही नावे आपणांपैकी अनेकांना ट्रकांमुळे ठाऊक असतील. पोर्तुगीज सरकारने दिलेल्या कायमच्या सवलतींवर या खाणी उघडल्या. एकोणीसशे पन्नासच्या सुमारास जपानला खनिज जाऊ लागले. भाऊसाहेब बांदोडकर स्वतः खाणमालक होते, आणि विलीनीकरणाचे राजकारण ज्या पैशावर चालले त्याला लाल मातीचा रंग होता, हेही लपवून ठेवण्यात अर्थ नाही. आमचे खनिज हलक्या प्रतीचे. एकविसाव्या शतकाच्या आरंभी चीनला ते हलके खनिजही हवेसे झाले, आणि जे ढिगारे टाकाऊ म्हणून पडून होते त्यांना सोन्याचा भाव आला. २०१०-११ च्या सुमारास गोव्याच्या बंदरांतून वर्षाला पाच कोटी टनांच्या आसपास खनिज बाहेर जात होते. डिचोलीच्या रस्त्यांवर शाळेच्या वेळेला मूल ओलांडू शकत नव्हते. विहिरी आटल्या, भातशेतीत लाल गाळ बसला. शिरगावला लईराईच्या जत्रेसाठी हजारो धोंड येतात. त्या देवीच्या गावाच्या भोवती खड्डे आणि मध्ये देऊळ, असे चित्र झाले.

विरोधी पक्षनेते आणि लोकलेखा समितीचे अध्यक्ष या नात्याने पर्रीकरांनी २०११ साली बेकायदा खाणकामावर अहवाल तयार केला. धातुशास्त्र शिकलेला मनुष्य खनिजाचे आकडे तपासीत होता. किती टन काढले, किती टनांवर स्वामित्वधन भरले, यातले अंतर त्याच्या डोळ्यांतून सुटणारे नव्हते. २०१२ च्या मार्चमध्ये भाजपला ४० पैकी २१ जागा मिळाल्या, त्यांत या अहवालाचा वाटा मोठा होता. सप्टेंबरमध्ये न्यायमूर्ती शहा आयोगाचा अहवाल संसदेत मांडला गेला. राज्याचे नुकसान सुमारे ३५,००० कोटी रुपयांचे, असा त्याचा अंदाज. १० सप्टेंबर २०१२ रोजी पर्रीकरांच्या सरकारने सर्व खाणी स्थगित केल्या. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही बंदीचा आदेश दिला.

मी त्या निर्णयाचे समर्थन करतो. तथापि त्याची किंमत कोणी दिली, हेही सांगितले पाहिजे. खाणमालकांच्या पेढ्या बुडाल्या नाहीत. बुडाला तो कर्ज काढून ट्रक घेतलेला पाळीचा नि सुर्लाचा मनुष्य, बार्जवरचा खलाशी, गॅरेजवाला, खानावळवाला. ज्यांनी शेत खाणीला गमावून ट्रक घेतला होता, त्यांच्याकडे ना शेत राहिले ना ट्रकचे भाडे. आणि ज्यांनी लूट केली असे अहवाल सांगत होता, त्यांच्याकडून वसुली झाली ती नाममात्र. २१ एप्रिल २०१४ रोजी न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून बंदी उठविली. त्यानंतर लिलाव करावा की जुन्याच पट्ट्यांचे नूतनीकरण करावे, हा प्रश्न आला. उच्च न्यायालयाच्या आदेशाचा आधार घेऊन सरकारने नूतनीकरण निवडले. नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१५ या थोड्या आठवड्यांत, लिलाव सक्तीचा करणारा केंद्राचा अध्यादेश येण्याच्या तोंडावर, ८८ पट्टे पुन्हा त्याच हातांत गेले. आरंभ पर्रीकरांच्या कारकिर्दीच्या शेवटच्या दिवसांतला, बाकीचे त्यांच्या उत्तराधिकाऱ्यांचे. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते सर्व रद्द केले, आणि १६ मार्चपासून डिचोली पुन्हा गप्प झाली.

ज्या माणसाने अहवाल लिहिला, ज्याला धातू आणि माती दोन्ही कळत होते, त्याच्या सरकारने लिलावाचा सरळ मार्ग का सोडला, याचे समाधानकारक उत्तर मला आजवर मिळालेले नाही. लिलाव शेवटी झालाच, २०२२ च्या अखेरीस; आणि पहिला गट होता डिचोलीचा. मधली दहा वर्षे ट्रकवाल्यांची गेली.

९ नोव्हेंबर २०१४ रोजी पर्रीकर देशाचे संरक्षणमंत्री झाले. राज्यसभेवर गेले ते उत्तर प्रदेशातून. गोव्याच्या वाट्याला राज्यसभेची एकच जागा. मराठी मुलखाने दिल्लीला यापूर्वी यशवंतराव चव्हाण आणि शरद पवार असे संरक्षणमंत्री दिले होते. चव्हाण गेले ते १९६२ च्या पराभवानंतर, सबंध महाराष्ट्र पाठीशी घेऊन. पर्रीकर गेले ते चाळीस आमदारांच्या राज्यातून. या शहरात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असल्यामुळे त्यांच्या कारकिर्दीतील एक गोष्ट आपणांस घरगुती आहे: समान पद, समान निवृत्तिवेतन. चार दशकांची ती मागणी ५ सप्टेंबर २०१५ रोजी मान्य झाल्याचे त्यांनीच जाहीर केले. दर वर्षी फेरआढावा हवा, ही माजी सैनिकांची अपेक्षा पूर्ण झाली नाही. पाच वर्षांचा फेरा ठरला, आणि असंतोष उरला. तरीही ज्या मुद्द्यावर आधीचे मंत्री वर्षानुवर्षे आश्वासने देत आले तो प्रत्यक्ष तिजोरीपर्यंत गेला, हे खरेच.

१ जुलै २०१६ रोजी तेजस विमानांची पहिली तुकडी हवाई दलात आली. खरेदीची नवी कार्यपद्धती त्याच वर्षी आली. लष्कराच्या बांधणीत काय अनावश्यक आहे हे पाहण्यासाठी लेफ्टनंट जनरल शेकटकर यांची समिती नेमली गेली. येथे अभियंत्याचा हात ओळखू येतो. वर्षानुवर्षे तुंबलेल्या फाइली हलल्या. त्याच वर्षी पठाणकोट घडले, उरी घडले, आणि २९ सप्टेंबरचा नियंत्रणरेषेपलीकडील प्रतिहल्ला घडला. २३ सप्टेंबर २०१६ रोजी फ्रान्सशी ३६ राफेल विमानांचा करार झाला, त्यावर त्यांची सही आहे. त्या सौद्याची घोषणा मात्र पंतप्रधानांनी पॅरिसमध्ये एप्रिल २०१५ मध्येच केली होती. न्यायालयाने २०१८ च्या डिसेंबरमध्ये चौकशीच्या याचिका फेटाळल्या. राजकीय वाद मात्र संपला नाही. माझे मत असे की, पणजीत ज्याच्या हाती सर्व दोऱ्या होत्या, तो दिल्लीत दुसऱ्याच्या हातातल्या दोऱ्यांपैकी एक होता, आणि हे त्याला मनातून मानवले नाही. आठवड्याच्या अखेरी ते गोव्यात दिसत, ते काही केवळ माशांच्या आमटीसाठी नव्हे.

आता भाषेकडे वळतो. येथे मला अधिक कठोर बोलावे लागणार आहे.

१९८७ च्या राजभाषा कायद्याने गोव्याची राजभाषा कोंकणी ठरली. मराठीचा उपयोग सरकारी कामांसाठी करता येईल अशी सोय ठेवली गेली. सोय आणि हक्क यांत काय अंतर असते, हे बेळगावकरांना मी सांगावे काय? तरीही १९९० च्या सुमारास शशिकलाताई शिक्षणमंत्री असताना एक मोठी गोष्ट झाली: सरकारी अनुदान प्राथमिक शाळेला मिळेल ते कोंकणी किंवा मराठी माध्यम असेल तरच. पेडणे, डिचोली, सत्तरी येथील मराठी शाळा त्यामुळे वीस वर्षे तगल्या. २०११ साली काँग्रेस सरकारने इंग्रजी माध्यमाच्या शाळांनाही अनुदान खुले केले. मग कोंकणीवादी आणि मराठीवादी, जे कौलापासून एकमेकांचे तोंड पाहत नव्हते, ते भारतीय भाषा सुरक्षा मंचाच्या एका व्यासपीठावर आले. शशिकलाताई तेथे होत्या, संघाचे सुभाष वेलिंगकर तेथे होते. आणि विरोधी पक्षनेते पर्रीकरही त्यांच्याबरोबर होते. गोव्याच्या भाषावादात असे ऐक्य पूर्वी दिसले नव्हते.

२०१२ साली सत्ता आली. पर्रीकरांनी ख्रिस्ती उमेदवारांना तिकिटे दिली होती, आणि सासष्टी-बार्देशच्या ख्रिस्ती मतदारांनीही त्यांना साथ दिली होती. नव्या सरकारने चर्चच्या व्यवस्थापनाखालील इंग्रजी शाळांचे अनुदान चालू ठेवले, आणि कोंकणी-मराठी शाळांना वाढीव उत्तेजन देऊ केले. राज्य चालविणाऱ्याच्या दृष्टीने हा तोल असेल. पण ज्यांनी भरपावसात मोर्चे काढले होते त्यांना तो शब्दभंग वाटला. पुढे २०१६ साली वेलिंगकरांना संघाच्या गोवा प्रमुखपदावरून दूर करण्यात आले. त्यांनी गोवा सुरक्षा मंच काढला, २०१७ ची निवडणूक मगो आणि शिवसेना यांच्या संगतीने लढविली, आणि मंचाचा एकही उमेदवार आला नाही. शशिकलाताई त्याआधीच, ऑक्टोबर २०१६ मध्ये, निवर्तल्या होत्या.

या प्रकरणात मी पर्रीकरांना भाषाद्वेष्टे म्हणणार नाही. ते सभेत कोंकणी बोलत, मराठी बोलत, आणि दोन्ही चांगले बोलत. परंतु त्यांच्या लेखी शाळेचे माध्यम हा एक बदलता येणारा आकडा होता. समीकरण सुटत नसेल तर तो आकडा बदलावा. आपल्यासाठी ते समीकरणच आहे. मराठी शाळेचा एक वर्ग बंद पडला की पंधरा वर्षांनी मराठी वृत्तपत्राचा एक वाचक कमी होतो, आणि तीस वर्षांनी मराठीसाठी शिक्का मारणारा एक हात कमी होतो. डिचोलीच्या खेड्यांत आज हे डोळ्यांसमोर चालले आहे. पेडणे-डिचोलीच्या मतांवर जे सरकार उभे होते त्याला या मतांची भाषा जपावी असे वाटले नाही, कारण ही मते आता दुसरीकडे जाणार नाहीत याची त्याला खात्री होती.

मार्च २०१७ मध्ये भाजपला १३ आणि काँग्रेसला १७ जागा मिळाल्या. मांद्र्याचे लक्ष्मीकांत पार्सेकर, पेडणे तालुक्यातील शिक्षक, ज्यांना पर्रीकर मुख्यमंत्रिपदी ठेवून दिल्लीस गेले होते, ते स्वतः पराभूत झाले. तरीही लहान पक्षांची आणि अपक्षांची मोट बांधून १४ मार्च रोजी पर्रीकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. मगोचे तिन्ही आमदार त्यांच्याबरोबर गेले, तेही त्यांच्याच सरकारविरुद्ध प्रचार करून निवडून आल्यावर. जनतेचा कौल कोणता होता, हे ज्याने त्याने ठरवावे. वर्षभरात स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे निदान झाले. नाकात नळी घालून ते मांडवीवरील नव्या पुलाची पाहणी करताना दिसले, आणि २०१९ च्या जानेवारीत त्याच अवस्थेत अर्थसंकल्प मांडला. काहींना त्यात धैर्य दिसले, काहींना पक्षाची निष्ठुरता दिसली. मला दोन्ही दिसले. १७ मार्च २०१९ रोजी ते गेले. दोन दिवसांत डिचोली तालुक्यातील साखळीचे आमदार, कोल्हापुरात आयुर्वेद शिकलेले डॉ. प्रमोद सावंत यांचा शपथविधी झाला. त्याच महिन्यात मगोच्या तिघांपैकी दोघे भाजपमध्ये विलीन झाले. विलीनीकरण हा शब्द आमच्याकडे असा उरला!

पेडण्यात मोपाच्या पठारावर दोन हजारांहून अधिक एकरांत विमानतळ झाला. केंद्राची मान्यता २००० सालची, कोनशिला २०१६ ची, उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ चे; नाव मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ. भाऊसाहेबांचे नाव द्यावे अशी मागणी होती, ती मागे पडली. काजूच्या बागा आणि धनगरवाडे गेले, आणि नोकऱ्यांत पेडणेकर किती, याची भांडणे सुरूच राहिली. त्याच पेडण्यात आणि डिचोलीत तिळारीचा कालवा फिरतो. धरण महाराष्ट्राच्या दोडामार्गात, आणि पाण्याचा जवळपास तीन-चतुर्थांश वाटा गोव्याचा. कौलात आम्ही महाराष्ट्रात गेलो नाही, परंतु महाराष्ट्राचे पाणी आमच्याकडे आले, ते दोन सरकारांनी १९९० साली समजुतीने केलेल्या करारामुळे.

आणि आपल्या खानापूर तालुक्यातील पाण्याचे काय झाले? म्हादई उगम पावते ती देगावच्या बाजूला, आणि तिला मिळणारी कळसा कणकुंबीला. २१ डिसेंबर २०१७ रोजी, कर्नाटकाच्या निवडणुका पाच महिन्यांवर असताना, पर्रीकरांनी कर्नाटक भाजपचे अध्यक्ष येडियुरप्पा यांना पत्र लिहिले: पिण्याच्या पाण्याच्या वाजवी गरजेविषयी गोवा चर्चेस तयार आहे. लवादापुढे वर्षानुवर्षे जी भूमिका गोवा मांडीत होता तिच्या शेजारी हे पत्र ठेवून पाहावे. ते सरकारला नव्हे, एका पक्षाच्या अध्यक्षाला लिहिलेले होते, आणि हुबळीच्या जाहीर सभेत वाचून दाखविले गेले. १४ ऑगस्ट २०१८ रोजी लवादाने कर्नाटकाला १३.४२, महाराष्ट्राला १.३३ आणि गोव्याला २४ टी.एम.सी. पाणी दिले. २०२२ च्या डिसेंबरात केंद्रीय जल आयोगाने कळसा-भांडुरा प्रकल्पाच्या सुधारित अहवालास मान्यता दिली, आणि गोव्यात एकच ओरड झाली. विधानसभेने ठराव केला, सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. डिचोलीला वाटते की म्हादई आटली तर मांडवीत खारे पाणी वर चढेल आणि खाजन शेती जाईल. धारवाड-हुबळीला नळाचे पाणी हवे आहे. या सर्व कागदांत ज्यांच्या शिवारातून कालवा खणला गेला त्या कणकुंबीच्या मराठी शेतकऱ्याचे म्हणणे मला कोठे सापडले नाही. ना पणजीच्या निवेदनात, ना बंगळूरच्या. आपल्यापैकी कणकुंबी-पारवाडकडची जी मंडळी येथे आली आहेत, त्यांनी आता बोलावे अशी माझी विनंती आहे. मी खाली बसतो.